डबा डावीकडे

आगारात त्याला सगळे लोणी म्हणत. हे नाव तब्येतीवरून पडलं नव्हतं, गाडी चालवण्यावरून पडलं होतं. तो स्टेअरिंगवर असला की उभ्या प्रवाशाला दांडा धरावा लागत नसे. म्हाताऱ्या बायका आधी 'आज ड्रायव्हर कोण?' म्हणून विचारत आणि मगच पायरीवर पाय ठेवत. एकदा एका बाईचं तान्हं मूल पहिल्या थांब्यापासून शेवटच्या थांब्यापर्यंत गाढ झोपून राहिलं होतं. ही हकीकत लोणीनं इतक्या वेळा सांगितली होती की ते मूल एव्हाना लग्नाला आलं असेल.

गाडी जपावी कशी, हे लोणीकडून शिकावं. इंजिनाचा आवाज जरा बदलला की त्याच्या कपाळाला आठी. ऑइल वेळेवर बदललं नाही तर तो मेकॅनिकच्या सात पिढ्या उद्धारायचा. गाडीचं तेल असं वेळच्या वेळी बदलायचं आणि स्वतःच्या पोटात मात्र रोज जुनंच ओतायचं, असा त्याचा शिरस्ता. आगारासमोर एक खानावळ होती. तिच्या कढईतलं तेल शेवटचं कधी बदललं होतं हे मालकालाही आठवत नसेल. बायको सकाळच्या पाळीला कामावर जायची, म्हणून लोणी रोज न्याहारी त्या खानावळीत करायचा आणि जेवणाचा डबाही तिथूनच भरून घ्यायचा. बटाट्याचे तळलेले काप, तळलेली अंडी, तळलेली मिरची. पाव तेवढा तळलेला नसायचा, पण तो तळलेल्याच्या संगतीत राहून बिघडलेला असायचा.

मग डोकं दुखायला लागलं. मानेपासून वर चढायचं आणि डोळ्यांमागे ठाण मांडून बसायचं. लोणीनं निदान केलं की चष्मा बदलायला हवा. चष्मा बदलला, तरी डोकं होतं तिथंच. शेवटी बायकोनं त्याला ओढत गल्लीतल्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, आकडा पाहिला आणि पुन्हा हवा भरली.

"काम काय करता?"

"बस चालवतो," लोणी छाती पुढे काढून म्हणाला.

"मग हे प्रेशर खाली आणा. नाहीतर बस खाली ठेवावी लागेल."

लोणीची पुढे आलेली छाती जागच्या जागी राहिली. आगारात दरवर्षी ड्रायव्हरांची तपासणी व्हायची, हे त्याला सांगायला नको होतं. ती काही महिन्यांवर आली होती. रक्तदाब हद्दीबाहेर गेला की ड्रायव्हरला गाडीवरून उतरवत आणि चौकशीच्या खिडकीत बसवत. पगार तोच, खुर्ची गादीची, वर पंखा. पण ड्रायव्हरच्या जातीला चौकशीची खिडकी म्हणजे जिवंतपणी भिंतीवर लागलेला फोटो. समोरून गाड्या जातात आणि आपण चौकटीत.

"औषध द्या ना जोरदार," लोणी म्हणाला.

"आधी खाणं सुधारा, मग गोळीचं बघू. बाहेरचं बंद, तळलेलं बंद, लोणचं बंद. मीठ नावाला. आणि महागडं काही आणत बसू नका. घरात डाळी असतील, कडधान्यं असतील, तांदूळ असतील. तेच शिजवा आणि दुपारी तेच खा."

लोणी बाहेर आला तो पार हिरमुसून. आपल्यासारख्या माणसाला आजार झाला तर त्याचं औषधही तोलामोलाचं असेल, अशी त्याची समजूत होती. आणि हातात काय पडलं? वाटाणे!

बायको शर्टांच्या कारखान्यात कॉलर तपासायची. एकही वाकडी शिवण तिच्या नजरेतून सुटत नसे, आणि नवराही त्यात आलाच. घरी येऊन तिनं चपला काढता काढता फर्मान सोडलं.

"मी पहाटे निघते. डबा तुम्हीच करायचा. कपाटात सगळं आहे."

"मी? अगं, मला चहाशिवाय काही येत नाही!"

"चहाही येत नाही. एवढी बस चालवता, गॅस नाही चालवता येणार?"

आता बस या शब्दावर लोणी कधी माघार घेत नसे. त्यानं कपाट उघडलं. इतकी वर्षं संसार केला, पण त्या कपाटातला बिस्किटांचा डबा सोडला तर बाकी कुणाशी त्याची तोंडओळखही नव्हती. मसूर, मूग, चवळी, हरभरे, राजमा, सुके वाटाणे, तांदूळ, दलिया, शेंगदाणे. खालच्या टोपलीत कांदे, बटाटे, लसूण. ही सगळी मंडळी आपल्याच घरात बिनभाड्यानं राहत होती आणि आपल्याला पत्ताच नाही, याचं त्याला फार नवल वाटलं.

पहिल्या दिवशी त्यानं राजमा निवडला, कारण तो दिसायला भारदस्त. न भिजवता कुकरमध्ये टाकला. शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या. शेजारीण दारात आली आणि म्हणाली, "इतक्या सकाळी पाहुणे आलेत का हो?" कुकर उघडला तर आत खडी. रस्त्यावर पसरली असती तर रोलर फिरवायला लागला असता. दुसऱ्या दिवशी धडा घेतला आणि संध्याकाळीच राजमा भिजत घातला. किती घालायचा ते विचारणं म्हणजे कमीपणा, म्हणून डबाच्या डबा घातला. राजमा रात्रभर फुगला, झाकण ढकलून ओट्यावर आला आणि ओट्यावरून जमिनीवर. पुढे बरेच दिवस त्या घरात राजमा सोडून दुसरं काही कुणी पाहिलं नाही. बायको निमूट खायची. मधूनच विचारायची, "उद्या काय बेत?" आणि लोणी पेपरात तोंड खुपसायचा.

पण गडी हट्टी. हळूहळू हात बसला. मसुराला भिजवायची गरज नसते, हा शोध त्याला एके दिवशी लागला आणि संध्याकाळी त्यानं तो बायकोला जाहीर केला.

"मसूर थेट शिजतो. तुला ठाऊक आहे?"

बायकोनं त्याच्याकडे वाकड्या कॉलरकडे पाहावं तसं पाहिलं. "नाही हो. लग्न झाल्यापासून करतेय, पण आज कळलं."

टोमणा लोणीच्या डोक्यावरून गेला. नवीन धर्म घेतलेल्या माणसाला कुठं काही ऐकू येतं! आता तो पहाटे उठून चमचाभर तेलात कांदा मंद आचेवर तांबूस होईपर्यंत परतायचा, लसूण ठेचून घालायचा, टोमॅटो असेल तर टोमॅटो, नाहीतर नाही. टोपलीत उरलेलं गाजर, पालकाच्या चार काड्या, काय असेल ते त्यात चिरून टाकायचं. डाळ भरपूर, तांदूळ थोडे. मीठ जवळजवळ नाहीच. मग ओट्याशी उभ्या उभ्या वाफाळती पळी तोंडाला लावायची आणि डोळे मिटून म्हणायचं, "वा!" स्वतःच्या हातचं आणि त्यात गरम, त्याला कोण नावं ठेवणार? थांब्यावर भेटणाऱ्या ओळखीच्या माणसांना तो कडधान्यं भिजवण्यावर व्याख्यानं द्यायला लागला. खानावळीवरून जाताना नाक वर करून जायचा. एकूण काय, माणूस सुधारला. निदान पहाटे तरी.

कारण दुपारी भानगड होती.

आगारात ड्रायव्हर-कंडक्टरांची एक विश्रांतीची खोली होती. मध्ये लांब टेबल, त्यावर जागोजागी फाटलेलं मेणकापड, भोवती बाकडी. या टेबलाचा एक नियम होता. आपल्या डब्यात आपण हात घालायचा नाही. डबे उघडायचे आणि प्रत्येकानं आपला डबा डावीकडच्याला द्यायचा. उजवीकडून येईल तो आपला. म्हणे पूर्वी कधीतरी दोन ड्रायव्हरांची भाजीवरून मारामारी झाली होती, तेव्हा एका जुन्या मेकॅनिकनं हा तोडगा काढला. तोडगा मोठा अकलेचा होता. आपल्या घरच्या स्वयंपाकाला नावं ठेवायची सोय राहिली नाही आणि दुसऱ्याच्या घरच्याला नावं ठेवणं सभ्यपणाचं नव्हे. म्हणजे काहीही आलं तरी 'वा वा' करायचं. टेबलाभोवती जागा ठरलेल्या. माणूस निवृत्त झाला तरच जागा बदलायची.

लोणीच्या उजवीकडे त्याचाच कंडक्टर बसायचा. कंडक्टर काडीपैलवान, पण त्याच्या बायकोचा हात सढळ. तिच्या डब्याचं झाकण उघडलं की बोटं आपोआप चकचकीत व्हायची. तळलेले मासे, तळलेले बटाटे आणि कोपऱ्यात तेलात पोहणारं लोणचं. हा डबा लोणीकडे यायचा. आणि लोणीनं पहाटे उठून, लसूण ठेचून, मीठ टाळून, डोळे मिटून केलेला तो गुणी डबा जायचा डावीकडे. डावीकडे कोण? भोपू.

भोपू हा बदली ड्रायव्हर. कुणी रजेवर गेलं, आजारी पडलं की त्याची गाडी भोपू न्यायचा. आवाज असा की त्याला हॉर्नची गरज नसे, म्हणून हे नाव. मोठ्यानं बोलणं, मोठ्यानं हसणं आणि मोठ्यानं ढेकर देणं ही त्याची तीन कामं, उरलेल्या वेळात गाडी. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, असं लोणीचं ठाम मत होतं. शिवाय लोणी खाली उतरला तर त्याची गाडी आधी भोपूकडेच जाणार, हे आगारातली मांजरंही सांगू शकली असती.

हे गणित लोणीला कळत नव्हतं असं नाही. पण सांगणार कसं? 'मला माझाच डबा खायचाय' म्हटलं की 'का?' आलं. का म्हटलं की प्रेशर आलं. प्रेशर आलं की भोपू आला, आणि भोपूला कळलं म्हणजे साहेबांना, फाटकावरच्या रखवालदाराला आणि पुढच्या थांब्यावरच्या प्रवाशांना कळलं. तपासणीपर्यंत थांबायचीही कुणाला गरज पडली नसती. एकदा त्यानं प्रयत्न करून पाहिला.

"आज माझं पोट जरा बिघडलंय," तो डबा स्वतःकडे ओढत म्हणाला. "मी माझंच खातो."

सगळं टेबल खडबडून जागं झालं. एकानं ओवा सुचवला, एकानं आलं. कंडक्टरचा चेहरा पडला, "दादा, आमच्या डब्यानं तर नाही ना बिघडलं?" आणि भोपू खोली हादरेल असा ओरडला, "मग गाडी कशाला नेतोस? मी नेतो की! तू पड जरा!"

बघा! आलं की नाही पोटातलं ओठावर? लोणीनं तत्काळ डबा डावीकडे सरकवला, कंडक्टरचे तळलेले मासे पुढ्यात ओढले आणि तब्येत ठणठणीत असल्याचा पुरावा म्हणून काट्यासकट संपवले. वर लोणचंही चाटलं. त्यानंतर पुन्हा त्यानं पोटाचं नाव काढलं नाही.

तसा माणूस मनाची समजूत घालण्यात पटाईत असतोच. रात्री बायकोच्या हातचं साधं जेवतोच की. सकाळी पळीभर चाखतोच की. आणि एवढं पहाटे उठून करतो, त्याचा काही गुण येईलच की! स्वयंपाकाला राबल्यानं रक्तदाब उतरतो, असं कुठल्या पुस्तकात लिहिलंय देव जाणे. पण लोणीचा त्यावर विश्वास बसला. त्यातून भोपू त्याचा डबा बोटानं निपटून खायचा आणि टेबलावर हात आपटून म्हणायचा, "वा! लोण्या, काय हात आहे!" कुठल्या आचाऱ्याला हे आवडणार नाही? आपली गाडी गिळायला टपलेला माणूस आधी आपला डबा गिळतोय याचा त्याला राग यायचा आणि डबा रिकामा परत आला की बरंही वाटायचं.

घरी बायको रोज विचारायची, "डबा खाल्लात?"

"संपला की! शीतही उरलं नाही," लोणी म्हणायचा. यात खोटं काय होतं, तुम्हीच सांगा. रिकामा डबा तो तिच्यासमोर उपडा करून दाखवायचा. ती बापडी समाधानानं मान डोलवायची आणि घासायला घ्यायची.

शेवटी तपासणीचा दिवस उजाडला. आगारातल्या कार्यालयाच्या एका खोलीत डॉक्टरीणबाई टेबल मांडून बसल्या. बाहेर ड्रायव्हरांची रांग. लोणीच्या पुढे भोपू. दार सताड उघडं, आणि आत भोपू असल्यावर ते बंद असतं तरी सगळं ऐकू आलंच असतं.

"गेल्या वर्षी तुम्हाला ताकीद दिली होती," डॉक्टरीणबाई जुना कागद बघत म्हणाल्या. "काठावर होतात. आता अगदी छान आलंय. गोळ्या घेतल्या का?"

"छे हो!"

"मग केलंत काय?"

"काही नाही. दुपारचं जेवण बदललं," भोपू म्हणाला. "डाळी, कडधान्यं, असं आपलं साधं."

"असंच चालू ठेवा," बाई म्हणाल्या. "पुढचे!"

पुढचा लोणी होता. त्याच्या कानशिलात ठोके पडायला लागले होते. पट्टा बांधला, हवा भरली. बाईंनी आकडा पाहिला, त्याला पाणी प्यायला लावलं, जरा वेळ शांत बसवलं आणि पुन्हा हवा भरली. लोणी शांत बसला, म्हणजे बाहेरून. आत भोपूचं 'छे हो' घुमत होतं. दुसरा आकडा पहिल्याहून वाईट आला.

"तीन महिने गाडी नाही," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चांगला होता, त्यामुळे ते जास्तच लागलं. "गोळी लिहून देते. खाण्याचं पथ्य पाळा. मग पुन्हा बघू."

साहेबांनी त्याच दिवशी हुकूम काढला. लोणी चौकशीच्या खिडकीत आणि त्याच्या गाडीवर, तात्पुरता, भोपू.

लोणी घरी आला आणि चपला न काढताच खुर्चीवर बसला. बायकोनं विचारलं नाही. चेहरा वाचायला काही भिंग लागत नव्हतं.

"पण असं कसं झालं?" ती जरा वेळानं म्हणाली. "एवढे महिने रोज डबा खाताय तुम्ही."

"डबा संपत होता," लोणी जमिनीकडे बघत म्हणाला. "मी खात होतो असं म्हटलंच नव्हतं."

मग त्यानं सगळं सांगितलं. टेबलाचा नियम, कंडक्टरचे मासे, भोपूचं 'वा वा'. बायको ऐकत होती. आधी तिला हसू आलं, अगदी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग हसू गेलं आणि पाणी तेवढं राहिलं.

"म्हणजे भल्या पहाटे उठून तुम्ही त्याच्यासाठी रांधत होतात? आणि मी इकडे रिकामा डबा बघून देवाचे आभार मानत होते? अहो, तोंड नव्हतं का तुम्हाला? एवढंच म्हणायचं, मला त्रास आहे, मी माझं खातो. जीभ झडली असती?"

"गाडी गेली असती."

"आता काय राहिली?" ती एकदम ओरडली. "ती गाडी गेली खड्ड्यात! तुम्ही नका जाऊ म्हणजे झालं." आणि ती आत निघून गेली. भांडी आपटल्याचा आवाज येत राहिला. लोणीला तिच्या मागे जावंसं वाटलं, पण धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यानं मसूर शिजवला. उगाच जिद्द नव्हती, हाताला सवय लागली होती. पळीभर चाखला, पण 'वा' म्हणाला नाही. मग जाऊन चौकशीच्या खिडकीत बसला. गादीची खुर्ची मऊ होती. समोरून त्याची गाडी भोपूनं बाहेर काढली. फाटकाशी गिअर बदलताना गचका बसला तो लोणीच्या पाठीला बसला. एक म्हातारी खिडकीशी आली, "आज तुम्ही नाही का हो गाडीवर?" म्हणाली. बाकी कुणी काही विचारलं असेल तर ते त्याच्या लक्षात राहिलं नाही.

दुपारी सगळे टेबलाभोवती जमले. नेहमी गोंगाट असायचा, आज चमचेही हळू वाजत होते. डबे उघडले. डावीकडे सरकायला लागले. लोणीनं आपला डबा उघडला आणि तो तसाच पुढ्यात ठेवला. कंडक्टरचा डबा त्याच्याकडे आला, तो त्यानं परत ढकलला.

"आजपासून मी माझंच खाणार," तो म्हणाला. "मला प्रेशर आहे. तपासणीच्या कितीतरी आधीपासून आहे. हा डबा मी पथ्याचा म्हणून करत होतो. लपवून ठेवलं, कारण गाडी जाईल म्हणून भीती वाटत होती. गेलीच. आता ज्याला नियम मोडला म्हणायचं असेल त्यानं म्हणावं."

कंडक्टर रडवेला झाला. "दादा, अहो, मी घरी सांगत होतो की दादा बोटं चाटून खातात. ती बिचारी खास तुमच्यासाठी जास्तीचं तळायची हो. मला तळलेलं सोसतही नाही. म्हणून तर मी उजवीकडचा डबा आला की सुटलो म्हणायचो!"

लोणीला हसावं की रडावं कळेना. मग तो डावीकडे वळला. रात्रभर साठवून ठेवलेलं सगळं ओठावर आलं. "आणि तू! माझं पथ्य खाल्लंस, माझी तब्येत खाल्लीस, आता गाडीही खाल्लीस. झालं पोट भरून?"

भोपू त्याच्याकडे नुसता बघत राहिला. तो गप्प बसू शकतो हे आगाराला त्या दिवशी कळलं.

लोणीनं रागारागानं स्वतःच्या डब्यात हात घातला आणि पहिला घास तोंडात कोंबला.

आणि तो थांबला.

पहाटे वाफाळता, सैलसर असलेला मसूर दुपारपर्यंत थिजून खळीसारखा झाला होता. टाळूला चिकटला. मिठाचा पत्ता नाही, लसणाला उग्र वास, कांदा कडवट. चघळावा तर वाढत जात होता आणि गिळावा तर जात नव्हता. इतके महिने पहाटे डोळे मिटून चाखलं, पण गार झालेला हा डबा दुपारी त्यानं आयुष्यात एकदाही तोंडात घातला नव्हता. पाण्याचे दोन मोठे घोट घेऊन त्यानं तो घास कसाबसा खाली ढकलला.

"हे..." तो भोपूला म्हणाला, "हे तू रोज खात होतास?"

"रोज."

"आणि वा वा करत होतास?"

"मग काय करणार?" भोपूचा आवाज पहिल्यांदाच खोलीबाहेर गेला नाही. "मी तोंड वाकडं केलं असतं तर सगळ्यांनी चव घेऊन बघितली असती. अरे, बिनमिठाचं कुणी हौसेनं रांधतं का? माझ्या बापाची शेवटची वर्षं असल्याच जेवणावर गेली. पहिल्या घासालाच कळलं मला, तुला काय झालंय ते. बाहेर फुटलं तर तपासणीआधीच तुला खाली उतरवतील म्हणून निपटून खात होतो. थोडंसुद्धा ठेवलं नाही कधी, कुणी विचारू नये म्हणून. पोट बिघडलं म्हणालास त्या दिवशी म्हटलं, मी नेतो गाडी, तू पड जरा. तर तू मासे खात सुटलास." त्यानं मान हलवली. "मला वाटायचं, रात्रीही तू घरी हेच खात असशील. दुपारचं एवढंच तुझं पथ्य आहे आणि ते मीच संपवतोय, हे काल तुला उतरवल्याचा कागद बघेपर्यंत माझ्या टाळक्यात आलं नाही रे."

टेबलावर कुणी जेवत नव्हतं. ज्या माणसाला आपण इतके महिने मनात शिव्या घातल्या, तो माणूस आपली अब्रू रोज चमच्या-चमच्यानं गिळत होता. आणि आपण त्याला एकदाही विचारलं नाही की बाबा, गोड लागतंय का.

त्यानं मान खाली घातली आणि दुसरा घास घेतला. तो पहिल्यापेक्षाही वाईट लागला. तोही त्यानं खाल्ला. तिसऱ्याला डोळ्यांतून पाणी आलं, ते कशाचं हे कुणी विचारलं नाही. पलीकडच्या एका ड्रायव्हरनं पुढ्यातल्या डब्यातली लिंबाची फोड मुकाट्यानं त्याच्यासमोर ठेवली, तर त्यानं तिकडे बघितलंही नाही.

अर्धा डबा झाला तसा भोपूनं हात पुढे केला.

"आण इकडे उरलेला. मला सवय झालीय."

लोणीनं डबा दोन्ही हातांनी धरून छातीशी ओढला. "हात लावशील तर बघ," तो भरल्या तोंडानं म्हणाला, आणि खात राहिला.